गाऱ्हाणं, उपास आणि नर्सच्या नोंदी: श्रद्धा कुठे संपते, लक्षण कुठे सुरू होतं?

रातपाळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज प्रश्न घेऊन आलोय.

इंग्लंडात मिडलँड्स भागात एका मीडियम सिक्युअर युनिटमध्ये, म्हणजे मध्यम बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात, नर्स आहे. नऊ वर्षं झाली. गुन्हा घडला पण करणारा मानसिक आजारी आहे असं ठरलं, तर इथलं कोर्ट त्याला तुरुंगाऐवजी इस्पितळात पाठवू शकतं. १९८३ च्या मेंटल हेल्थ ॲक्टचं कलम ३७. लोकांना धोका आहे असं वाटलं तर जोडीला कलम ४१ लागतं, मग रुग्णाला अर्धा तास बाहेर फिरवून आणायलासुद्धा न्याय मंत्रालयाची परवानगी. कमरेला किल्ल्या, प्रत्येक दार मागे बंद झालं का बघायचं, जेवणानंतर काटे-चमचे मोजायचे. असं आमचं घर.

शेजारच्या वॉर्डात एक मराठी गृहस्थ आहेत, सिंधुदुर्गाकडचे, साठीला टेकलेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) रात्रीच्या नोंदींत लिहिलं होतं: 'अदृश्य व्यक्तीशी बोलतो. स्वतःच बोलतो आणि आवाज बदलून स्वतःच उत्तर देतो.' गोळी वाढवायची चर्चा सुरू झाली. मला बोलावलं, तू इंडियन ना, जरा ऐकून सांग. दाराबाहेर उभा राहिलो. आतून:

"बा देवा म्हाराजा... व्हय म्हाराजा."

अहो, गाऱ्हाणं घालत होते, म्हणजे कोकणातलं देवापुढचं मागणं! गावात गाऱ्हाणं घालणारा एक आणि 'व्हय म्हाराजा' म्हणणारे पन्नास असतात. इथे पन्नास कुठून आणायचे? दोन्ही बाजू तेच सांभाळत होते. गोळी वाढली नाही. मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो.

मग दुसरी नोंद आली, 'अधूनमधून जेवण नाकारतो'. मी एका दमात सांगितलं, एकादशी असेल. टीम खूश. केअर प्लॅनमध्ये एकादशी आली, कुणीतरी वर्षभराच्या तारखा छापून नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर चिकटवल्या. आता मला झोप नाही. कारण हेच गृहस्थ भरती झाले तेव्हा जेवणात काहीतरी कालवतात असं म्हणत होते. मी 'संस्कृती' म्हणून जे झाकलं ते लक्षण असलं तर?

हे ठरवायचं कुणी? माझा जन्म कोल्हापूरचा म्हणून मी?

खारीबिस्कीट
वाचतेय. 'व्हय म्हाराजा' ला हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

तात्या_पंचनामे
व्हय म्हाराजा!

बिनधास्त_बंड्या
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गुन्हा केलाय ना? मग गाऱ्हाणं, उपास, भिंतीवर तारखा... जावई आलाय की कैदी? ज्याला मार बसला त्याच्या घरच्यांना कुणी विचारलं का त्यांचे उपास कोणते?

रातपाळी
@बंड्या, कैदी नाही, रुग्ण आहेत. शिक्षा भोगायला नव्हे, उपचाराला पाठवलंय. आणि उपचार चुकले तर माणूस तसाच बाहेर पडतो किंवा कधीच पडत नाही. दोन्ही महाग. घरच्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र खोडत नाही.

अदिती_नॉटिंगहॅम
मी सोशल वर्कर आहे, अशाच सेवेत. काकांचं गाऱ्हाणं गोड आहे, पण वॉर्डात नजर फिरवा. कोण भरलंय? आपण नाही. इंग्लंडातल्या २०१९-२० च्या आकड्यांनुसार मेंटल हेल्थ ॲक्टखाली सक्तीने दाखल होणारे गोऱ्यांत लाखामागे साधारण ७३, काळ्यांत ३२२. चौपटीहून जास्त. 'सांस्कृतिक संवेदनशीलता' हा शब्द इथे समोशांमुळे आला नाही, माणसं मेली म्हणून आला.

डेव्हिड बेनेट, लोक त्याला रॉकी म्हणत. जमैकात जन्म, लहानपणी इंग्लंडात आलेला, रास्ताफारी पंथाचा. नॉरिचच्या मीडियम सिक्युअर क्लिनिकमध्ये होता. १९९८ च्या ऑक्टोबरात एका रात्री दुसऱ्या रुग्णाशी फोन वापरण्यावरून भांडण झालं, त्या रुग्णाने बेनेटला वर्णावरून शिव्या दिल्या. दुसऱ्या वॉर्डात हलवलं ते बेनेटला. तिथे त्याने नर्सला मारलं. मग कर्मचाऱ्यांनी त्याला पालथा दाबून धरला, वीस-पंचवीस मिनिटं. तो मेला. वय ३८.

मला चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. १९९३ मध्ये त्याने तिथल्या नर्सिंगप्रमुखाला पत्र लिहिलं होतं: इथे आम्ही अर्धा डझनाहून जास्त काळे रुग्ण आहोत, तुमच्या कर्मचाऱ्यांत एकही आफ्रिकन नाही, निदान दोन तरी घ्या. साधी, सभ्य मागणी. पुढे निवृत्त न्यायाधीश सर जॉन ब्लोफेल्ड यांच्या चौकशी समितीने सांगितलं की पालथं दाबायची वेळ आलीच तर तीन मिनिटांच्या वर नको.

त्याच्या आधी १९९१ मध्ये ब्रॉडमूर या कडेकोट बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात ऑर्व्हिल ब्लॅकवूड गेला, एकांत खोलीत, इंजेक्शनं दिल्यावर. त्याच्या चौकशी अहवालाच्या नावातच 'दांडगा, काळा आणि धोकादायक?' असा प्रश्न होता. तिथे त्याच तऱ्हेने गेलेला तो तिसरा काळा रुग्ण.

@बंड्या, हे लाड वाटतात का?

बिनधास्त_बंड्या
नाही वाटत. हे माहीत नव्हतं. पण मारहाण झालेली ती नर्सही माणूसच ना? बहुतेकदा तुमच्या-आमच्यासारखीच बाहेरून आलेली, बारा तासांची पाळी करणारी.

अदिती_नॉटिंगहॅम
हो. या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. कडू पुस्ती जोडते: या वॉर्डांत आपले भारतीय कर्मचारी भरपूर आहेत आणि चहाच्या खोलीत आपल्याच भाषेत काळ्या रुग्णांबद्दल काय बोललं जातं ते मी कानांनी ऐकलंय. गोऱ्याला कळत नाही म्हणून निर्धास्त. तपकिरी कातडी असली की संवेदनशीलता आपोआप येत नाही.

नदीकाठची_माई
हे लिहायला धाडस लागतं. धन्यवाद अदिती.

कुळथाची_पिठी
मी कुडाळची. रातपाळीभाऊ, एकादशी तुमच्या घाटावरची! आमच्याकडे आषाढी-कार्तिकी करतात बरेच जण, पण दर पंधरा दिवसांनी एकादशी धरणारा एखादा माळकरी. बाकी आमचं पंचांग माशांवर चालतं. बुधवार, शुक्रवार, रविवार वशाट. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार शिवराक. शिवराक म्हणजे उपाशी नव्हे हो, डाळ-भात-भाजी पोटभर. तेव्हा काका जेवत नसतील तर ते 'मालवणी संस्कृती' म्हणून खपवू नका.

तात्या_पंचनामे
शुक्रवारी इंग्लंडातल्या इस्पितळात फिश अँड चिप्स असतं म्हणतात. म्हणजे काकांचं आणि राणीच्या देशाचं शुक्रवारपुरतं जमतंय.

खारीबिस्कीट
तात्या, राजा आहे आता.

तात्या_पंचनामे
व्हय म्हाराजा.

डॉ_सातपुडा
मनोविकारतज्ज्ञ आहे, काही वर्षं अमरावतीकडे काढली. तुम्ही इंग्लंडातले अल्पसंख्य मोजताय. आपल्या वॉर्डात मेळघाटातला कोरकू माणूस आला की तो त्या इंग्लंडातल्या काकांहून एकटा असतो, आणि आपल्याच राज्यात. मराठी मोडकी, हिंदी बाजारापुरती. दुभाषा म्हणजे कोरकू येणारा एखादा वॉर्डबॉय, तोही सुट्टीवर. मग केसपेपरवर 'प्रतिसाद देत नाही' असं चढतं. कोणत्या भाषेत विचारलं होतं, याला रकाना नाही.

एकदा एकाला पोलिसांनी आणलं होतं, मारामारीची केस. भुमकाने (त्यांच्या गावचा भगत) सांगितलं म्हणून अमुक घराकडे जात नाही, असं तो म्हणायचा. ज्युनिअरने संशयभ्रम लिहिला. गावात चौकशी केली तर सगळा पाडाच त्या घराकडे जात नव्हता. बरं, म्हणजे हा आजारी नव्हता का? होता! गावचेच म्हणाले, "आम्ही तिकडे जात नाही, हा तर रात्रभर कुऱ्हाड घेऊन अंगणात बसतो." माझ्या मते कसोटी हीच, त्याच्याच माणसांना त्याचं वागणं वेगळं वाटतंय का. जात-जमात-धर्माची यादी वाचून हे कळत नाही.

कायद्याचं म्हणाल तर आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा चांगला आहे. कलम १८ मध्ये भेदभाव नको म्हणताना धर्म, संस्कृती, जात, वर्ग सगळं आलंय. कैद्यांसाठी कलम १०३ आहे, राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय हवी असं त्यात आहे. कागद उत्तम.

अवचितराव
डॉक्टरांच्या प्रतिसादावरून आसामचे माचांग लालुंग आठवले. तिवा जमातीचे. १९५१ मध्ये अटक, मग मानसिक आजार म्हणून तेजपूरच्या इस्पितळात. १९६७ मध्ये ते बरे आहेत असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं, तर घरी सोडायचं सोडून त्यांना गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवलं. खटला चाललाच नाही. सुटले २००५ मध्ये. ५४ वर्षं! बाहेर आले तेव्हा स्वतःची भाषा विसरले होते, असं बातम्यांत होतं. सर्वोच्च न्यायालयाने पुढे तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. त्या ५४ वर्षांत कुणी त्यांच्याशी तिवात दोन वाक्यं बोललं असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

नदीकाठची_माई
५४ वर्षं... काही सुचत नाही लिहायला.

किवीतला_कोकण्या
न्यूझीलंडहून. इथे माओरी लोकसंख्येच्या सहाव्या हिश्श्याइतके, पण तुरुंगात निम्म्याहून अधिक. फॉरेन्सिक इस्पितळांतही (गुन्ह्यांतून आलेल्या मनोरुग्णांसाठीची) त्यांची संख्या अशीच फुगलेली. ऑकलंडच्या मेसन क्लिनिकमध्ये माओरी पद्धतीने चालणारा स्वतंत्र विभाग आहे. नवा रुग्ण आला की आधी रीतसर स्वागत, तू कुठला, तुझा डोंगर कोणता, नदी कोणती. मग बाकीचं. मागे विचार आहे मेसन ड्युरी या माओरी मनोविकारतज्ज्ञाचा, १९८० च्या दशकातला: माणूस म्हणजे चार भिंतींचं घर, शरीर, मन, कुटुंब आणि वाइरुआ, म्हणजे आपण आत्मा म्हणू तसं काहीतरी. एक भिंत खचली की घर कलतं.

खारीबिस्कीट
म्हणजे क्लिनिकला त्यांचंच नाव दिलंय. छान!

किवीतला_कोकण्या
नाही हो, सगळे इथेच फसतात. क्लिनिकचं नाव न्यायाधीश केन मेसन यांच्यावरून. १९८८ मध्ये त्यांच्या समितीच्या अहवालातून इथल्या फॉरेन्सिक सेवा उभ्या राहिल्या. एका मेसनचं आडनाव, दुसऱ्याचं पाळण्यातलं नाव.

भाषांतरवाली
दुभाषी आहे, लंडनमध्ये. मराठी, हिंदी, थोडी कोंकणी. कोर्ट आणि इस्पितळ दोन्ही करते. माझ्या धंद्यातली दोन दुखणी सांगते.

पहिलं, नीटनेटकं करायची खोड. रुग्ण तुटक, असंबद्ध बोलतो आणि नवा दुभाषी त्याचं सुरेख वाक्य करून देतो. डॉक्टरला वाटतं, अरे, विचार तर सरळ आहेत. मी आता सांगते, 'हे वाक्य अर्धंच आहे, अर्धंच देते.' घरच्यांना दुभाषी करू नका म्हणतात ते याचसाठी. मुलगा बापाची लाज झाकतो.

दुसरं, आपली भाषा. 'तंगडं तोडीन', 'जीव घेईन', 'मुडदा बशिवला तुझा'. एका बाईंनी फोनवर मुलाला 'घरी ये, मग बघते तुला, हातपाय बांधून ठेवते' म्हटलं, ते शब्दशः जोखमीच्या अहवालात गेलं. मी तळटीप द्या म्हणून भांडले.

तात्या_पंचनामे
आमच्या आईचं जोखीम मूल्यांकन कुणी केलं असतं तर थेट ब्रॉडमूर. सहा भावंडं, रोज बारा तंगड्या तोडायच्या धमक्या, प्रत्यक्षात एक लाटणं फेकलं तेही मांजराला.

कुळथाची_पिठी
आमच्याकडे 'तुझां तळपट होव' हे प्रेमाने म्हणतात. त्याचं काय करणार, भाषांतरवाली?

भाषांतरवाली
घाम पुसणार.

शिस्तप्रिय
विषय उत्तम, पण एक विचारतो. रुग्णाची माहिती अशी चव्हाट्यावर मांडणं बसतं का तुमच्या नियमांत?

रातपाळी
रास्त शंका. गाव, वय, वॉर्ड, क्रम, सगळं बदललंय. गुन्हा काय ते कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही.

डॉ_सातपुडा
अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात सांस्कृतिक मुलाखतीचे सोळा प्रश्न आहेत. काही फार साधे: घरच्यांना तुम्ही तुमचा त्रास कोणत्या शब्दांत सांगता? यात तुम्हाला सगळ्यात जास्त काय टोचतं? छापून खिशात ठेवण्यासारखे आहेत.

अदिती_नॉटिंगहॅम
आमच्याकडे २०२३ पासून इंग्लंडातल्या मानसिक आरोग्य ट्रस्टना वांशिक समानतेचा आराखडा बंधनकारक झालाय. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना बरोबर घेऊनच तो करायचा, हे त्यातलं मला आवडलेलं. अंमलबजावणी ट्रस्टगणिक वेगळी. एका जागी काम करत होते तिथे 'सांस्कृतिक दिवस' म्हणजे वर्षातून एकदा कॅन्टीनमध्ये बिर्याणी. आणि त्याच वॉर्डात आफ्रिकन केसांना चालेल असा कंगवा मागवायला सात आठवडे लागले, सुरक्षा तपासणीत अडकला होता. लांब दात म्हणून.

नदीकाठची_माई
रातपाळी, सगळं वाचलं. सातारची निवृत्त शाळामास्तरीण आहे, वैद्यकातलं कळत नाही. पण एक विचारू? तुम्ही दाराबाहेरून ऐकलंत, टीमला सांगितलंत, आम्हालाही विचारलंत. त्या माणसाला विचारलंत का?

रातपाळी
...

नाही.

रातपाळी
(सविस्तर नंतर लिहितो. वॉर्ड माझा नाही, अधिकृत दुभाष्याशिवाय बोलायचं नाही असा नियम, ही सगळी कारणं आहेत. पण खरं म्हणजे सुचलंच नाही. मला उत्तर माहीत होतं ना.)

कुळथाची_पिठी
आधी नोंदी काढून वार मांडून बघा. तारखा नको, वार.

बिनधास्त_बंड्या
धागा वर काढतो. तीन आठवडे झाले, काय झालं पुढे?

रातपाळी
माफ करा, सुट्टी आणि मग लागोपाठ रात्रपाळ्या.

पिठीताईंचं ऐकलं. आईने पाठवलेलं कालनिर्णय घेऊन वॉर्ड मॅनेजरबरोबर बसलो. तीन महिन्यांत जेवण नाकारल्याच्या तेरा नोंदी. त्यातले अकरा मंगळवार. अकरा! भिंतीवरच्या एकादशीच्या यादीशी काही संबंध नाही. रोज वेगळी नर्स, निम्म्या एजन्सीच्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि माझी एकादशी आल्यावर तर बघायचं कारणच उरलं नव्हतं.

मग रीतसर भेट ठरवली. त्यांची नर्स, मानसशास्त्रज्ञ, मी. दुभाषी फोनवर हिंदीच्या बाई मिळाल्या, त्यांना मालवणी कळेना, शेवटी काकांनीच "ह्यांका ऱ्हावांदे" म्हणून फोन ठेवायला लावला. मी घाटी मालवणी बोललो, ते हसले. या युनिटमध्ये हसताना पहिल्यांदा बघितलं असं त्यांची नर्स म्हणाली.

विचारलं, काका, मंगळवारी जेवत का नाही?

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तां झालां तो मंगळवार होतो. त्या दिसाक मी जेवणंय नाय."

गुन्ह्याचा वार. चार वर्षं दर मंगळवारी. यापलीकडे जे बोलले ते त्यांचं आहे.

मानसशास्त्रज्ञ पांढरीफटक. कारण तिच्या अहवालात, सुटकेचा विचार करणाऱ्या ट्रिब्युनलपुढे जाणाऱ्या अहवालात, लिहिलेलं आहे: 'कृत्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करत नाही.' दर आठवड्याला तास-तासभर बसून तिने विचारलं होतं, तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं? त्यावर ते खाली बघत आणि 'नथिंग' म्हणत. माझ्या बापाला कुणी असं विचारलं असतं तर तोही खाली बघून 'काय नाही' म्हणाला असता.

आम्हाला का नाही सांगितलं विचारल्यावर म्हणाले, "मंगळवाराचा माका कोणी इचारूकच नाय."

उरलेले दोन दिवस: एकदा वाढपाचा चमचा मटणातून भाजीत आला होता. आणि एकदा, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं, जेवणात काहीतरी घातलंय असं खरंच वाटलं होतं. म्हणजे डॉक्टर सातपुडा, दोन्ही आहे. त्या शेवटच्याकडे आता लक्ष आहे, औषधांचं बोलणं त्यांच्यासकट चालू आहे.

आणखी एक. त्या पहिल्या रात्री गाऱ्हाण्यात 'काय चुकला-माकला आसात ता...' ऐकलं होतं मी. गाऱ्हाण्यात असतंच ते, म्हणून पुढे गेलो.

नदीकाठची_माई
चांगलं केलंत बोललात ते.

बिनधास्त_बंड्या
पहिला प्रतिसाद मागे घेत नाही पण तेवढ्या तोऱ्यात आता लिहिणार नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांना हे कळतं का? मंगळवारचं?

अदिती_नॉटिंगहॅम
आपोआप नाही. गंभीर गुन्ह्यांत पीडितांसाठी वेगळा संपर्क अधिकारी असतो, रजा-सुटकेच्या अटींबद्दल त्यांना म्हणणं मांडता येतं. रुग्णाच्या उपचारांतलं मात्र त्यांना सांगत नाहीत.

भाषांतरवाली
मालवणी येणारा दुभाषी हवा असेल तर पुढच्या वेळी बुकिंग करताना नुसतं 'मराठी' लिहू नका, जिल्हा लिहा. निदान आम्ही आपापसांत शोधू तरी.

कुळथाची_पिठी
आणि भिंतीवरची ती एकादशीची यादी काढलीत की नाही?

रातपाळी
अजून तिथेच आहे. केअर प्लॅनचा भाग झाल्यामुळे मीटिंगशिवाय काढता येत नाही. मीटिंग गुरुवारी.